सावलीतलं ऊन आणि सुट्टीला आलेली लेकरं

नमस्कार श्रोतेहो.

परीक्षा संपल्या की पुण्या-मुंबईकडच्या गाड्या भरभरून आपल्या विदर्भात येतात. मामाच्या गावाला निघालेली मुलं, आणि आईच्या कडेवर वर्षा-दीड वर्षाचं धाकटं. कुणाची लेक बाळंतपणाला माहेरी आलेली असते. लग्नसराई असतेच. वर्षातलं सगळ्यांत कडक ऊन आणि घरातली सगळ्यांत लहान माणसं, यांची गाठ आपण दरवर्षी नेमकी मे महिन्यात घालून देतो. येऊ नका असं मी म्हणणार नाही. आजोळी नाही तर लेकरांनी जायचं कुठे? पण तालुक्याच्या गावी लहान मुलांचा दवाखाना चालवताना एक गोष्ट मला दर उन्हाळ्यात दिसते. उन्हात खेळून आजारी पडलेलं मूल येतंच, पण त्याहून लहान, घरात सावलीला झाकूनपाकून ठेवलेलं बाळही तापाने फणफणून येतं. घरच्यांना कोडं पडतं, "बाई, उन्हात त नेलंच नाई!"

नेलं नाही हे खरं. पण ऊन म्हणजे नुसता उजेड नव्हे. कातडी भाजते ती सूर्यकिरणांनी, आणि तिथे सावली कामाला येते. धग मात्र सावलीतही पोचते. रोज बातम्यांत जे तापमान सांगतात ना, चंद्रपूर ४५, ब्रह्मपुरी ४५, ते सावलीतलंच असतं. हवामान खात्याचा तापमापक जाळीच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून चार-पाच फुटांवर असतो. (२०२४ च्या मे महिन्यात नागपुरातल्या एका स्वयंचलित यंत्रानं चक्क ५६ अंश दाखवले आणि देशभर गवगवा झाला. नंतर कळलं, यंत्रच बिघडलं होतं. पण ४५ खरे असतात, आणि ते पुरे आहेत.) आता विचार करा, डांबरी रस्त्यावरून तुमचं बोट धरून चालणाऱ्या दोन वर्षांच्या पोराचं डोकं कुठे असतं? तुमच्या मांडीशी. तापलेल्या रस्त्याची झळ त्याच्या तोंडावर येते, तुमच्या नाही.

त्यात बाळाचं शरीर वेगळं. वजनाच्या मानानं त्याची कातडी पसरट, म्हणून बाहेरची उष्णता झपाट्यानं आत शिरते. घाम कमी येतो. तहान लागली हे सांगता येत नाही, आणि पांघरूण काढता येत नाही.

म्हणून सुरुवात बाळंतिणीच्या खोलीपासून करते. आपल्याकडे बाळ-बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून आतली खोली देतात. खिडकी बंद, कूलर बंद, बाळाच्या डोक्यावर टोपडं, अंगावर कुंची, वरून दुपटं. सकाळ-संध्याकाळ शेक-धुरी. आणि बाळंतिणीला पाणी बेतानं, का तर पोट सुटेल. डिसेंबरात यातलं बरंचसं खपून जातं. मेमध्ये नाही. आईला पाणी कमी, दूध अजून नीट उतरलेलं नाही, खोली भट्टीसारखी. अशा वेळी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाळाला ताप चढतो, तो बऱ्याचदा पाणी कमी पडल्याचा असतो. पण एवढ्या लहान बाळाला ताप आला तर कारण घरी ठरवत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. बाळाला एक पातळ सुती झबलं आणि लंगोट पुरे. घरात टोपडं नको, डोक्यातूनच त्याची बरीचशी उष्णता बाहेर पडते. कूलर खुशाल लावा, झोत फक्त थेट अंगावर नको. बाळंतिणीला पोटभर पाणी द्या. पोट सुटण्याचा पाण्याशी काही संबंध नाही.

इथे आज्यांशी माझा दरवर्षी वाद होतो. "डाक्टरीनबाई, आपल्याले एवढी तहान लागते, मंग त्या जिवाले घोटभर पानी काहून नाई?" प्रश्न रास्त आहे. पण आईच्या दुधात शंभरातले सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच असतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी दिलं की पोट भरतं, दूध कमी ओढलं जातं आणि हगवणीची भीती वेगळीच. उन्हाळ्यात पाणी नको, पाजण्या वाढवा. दिवसातून सहा-सात लंगोट ओले होत असतील तर बाळाला पुरतंय. साखरपाणी, ग्राइप वॉटर नको. आणि मध तर वर्षाच्या आत बोटभरही चाटवू नका, ऊन असो की पाऊस.

आता सुट्टीचे पाहुणे. पुण्याहून आलेल्या पोराच्या अंगाला आपला उन्हाळा ठाऊक नसतो. शरीराला नव्या उष्णतेची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. आपली गावची पोरं दुपारी आमराईत हुंदडतात म्हणून पाहुण्याला पहिल्याच दिवशी सोबत धाडू नका. आणि खरं सांगायचं तर आपल्या पोरांनाही नको. सकाळी दहापासून चारपर्यंत लहानांनी घरात राहावं. घड्याळ नसेल तर सावली बघा. मुलाची सावली त्याच्या उंचीपेक्षा आखूड झाली की त्याला आत घ्या. नागपुरात २६ मेच्या सुमारास सूर्य भरदुपारी अगदी डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली पडत नाही. आपला नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, आदल्याच दिवशी लागलेला असतो.

चिखलदऱ्याला नेणार असाल तर एक ध्यानात ठेवा. तिथे हवा गार लागते म्हणून मुलं दिवसभर उघडी खेळतात. पण उंचीवर अतिनील किरण कमी होत नाहीत, उलट थोडे वाढतात. झळ नाही म्हणून लक्षात येत नाही, रात्री कातडी लाल झालेली दिसते. पूर्ण बाहीचा सैल सुती सदरा, रुंद काठाची टोपी, ही खरी राखण. सनस्क्रीन सहा महिन्यांच्या पुढच्या मुलांना उघड्या भागावर चालतं, दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागतं. त्याखालच्या बाळाला सावलीच.

प्रवास पहाटे किंवा सांजेला करा. दुपारीच निघावं लागलं तर एसटीत जागा बघून बसा. नागपूरहून दक्षिणेला चंद्रपूरकडे जाताना दुपारचं ऊन उजवीकडून येतं. सकाळी परत येतानाही उजवीकडूनच. दोन्ही वेळा डावीकडची सीट धरा. मोटारसायकलवर बाळाला दुपट्ट्यात नाकातोंडापर्यंत गुंडाळतात, त्यात आतली हवा कोंडते. दुपारी दोनचाकीवर बाळ नकोच. आणि बंद कारमध्ये लेकराला "दोन मिनिटं" ठेवून दुकानात जाऊ नका. दहा मिनिटांत आतलं तापमान दहाएक अंशांनी चढतं, काच थोडी खाली असली तरी. लग्नाच्या मांडवाचंही तेच, सावली कापडाची आणि खाली धग. बाळाला घेऊन कुणाच्या तरी पक्क्या घरात बसा. अक्षता तिथून टाकल्या तरी लग्न लागतं.

घर टिनाचं असेल तर टिनावर तुऱ्हाट्या-पऱ्हाट्यांचा, म्हणजे तुरीच्या आणि कपाशीच्या वाळल्या काड्यांचा थर टाका, चूल आणि विजेच्या तारा मात्र लांब असू द्या. तापमान चाळिशीपार गेलं की कोरडा पंखा गरम हवाच अंगावर फेकतो. मुलाचं अंग ओल्या फडक्यानं पुसत राहा, मग पंखा. कूलर लावला तर समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर खोली दमट होते. आणि पाणी भरण्याआधी पिन काढा. कूलरच्या करंटनं लेकरं दगावतात, ते ऊन लागण्याइतकंच खरं आहे.

मोठ्या मुलांना ताक, पन्हं, आंबील, जे घरात असेल ते. खिशातला कांदा काही करत नाही, जेवणात खाऊ द्या. उलटी-जुलाब असतील तर ओआरएस, एक मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, पूर्णच. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात साखर सहा सपाट चहाचे चमचे, मीठ अर्धा. दुकानातल्या गोड डब्यांवर ओआरएस लिहिलेलं असायचं. २०२५ च्या ऑक्टोबरात अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ठरलेल्या सूत्राबाहेरच्या पेयांना ते नाव वापरायला मनाई केली.

आणि ऊन लागलंच तर? मूल सुस्त पडलं, दूध ओढेना, सहा तासांत लघवी नाही, टाळू खोल गेली, रडताना अश्रू नाहीत, तर दवाखाना गाठा. अंग भाजल्यासारखं तापलंय, मूल बरळतंय, झटका आला किंवा शुद्ध हरपली तर १०८ ला फोन करा, गावासोबत फाट्याचं नावही सांगा. तोवर कपडे काढा, साध्या पाण्यानं सगळं अंग भिजवा, वारा घाला. मान, काखा, जांघा यांवर ओली फडकी. या तापाला पॅरासिटामॉल लागू पडत नाही. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. तळपायाला कैरीचा गर चोळायचा असेल तर एकानं चोळा, पण पाणी ओतणाऱ्यानं थांबायचं नाही, गाडी दारात येईपर्यंत आणि गाडीतही.

नमस्कार.