आण्णांच्या दोन कानशी

नमस्कार श्रोतेहो, आज मी आमच्या आण्णांबद्दल बोलणारेय. आण्णा म्हणजे माझे वडील. मिरजेच्या लोको शेडमध्ये फिटर होते, सगळी नोकरी तिथंच गेली. ज्यांनी सत्तरच्या दशकातलं मिरज स्टेशन बघितलंय त्यांना आठवेल, एकाच स्टेशनात तीन मापाचे रूळ, पुण्याकडं ब्रॉडगेज, बेळगावकडं मीटरगेज आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडं ती छोटी अडीच फुटी बार्शी लाईट. ही छोटी गाडी 1927 साली मिरजेपर्यंत आली, आणि आण्णांचा सगळा जीव तिच्यात. आषाढी जवळ आली की वारकऱ्यांनी गाडी टपापर्यंत भरायची, इंजिनांना उसंत नाही म्हणजे आण्णांनापण नाही, दोन-दोन दिवस घरी यायचे नाहीत मग आई डबा घेऊन मला शेडवर पाठवायची.

घरी आले की आधी रॉकेलनं हात धुवायचे, मग साबणानं, मग बोटं नाकाशी नेऊन वास बघायचे. तेलाचा वास राहिला असेल तर परत धुवायचे. कारण पुढचं काम तंबोऱ्याचं असायचं.

तसे छंद भरपूर होते हो त्यांना. गल्लीतल्या सगळ्यांची गजराची घड्याळं आमच्याकडं दुरुस्तीला, क्वार्टरच्या मागं गुलाबाची कलमं, डोळा भरायला त्यांच्यासारखा हात नव्हता कुणाचा, संक्रांतीला पतंग, आणि मर्फीचा रेडिओ तर आठवड्यातनं एकदा उघडायचाच, बिघडला असो-नसो. आई म्हणायची, या घरात जेवायला एक टेबल मोकळं मिळत नाही. पण तंबोरा म्हणजे काही वेगळंच.

सुरुवात कशी झाली तर सतारमेकर गल्लीत एका म्हाताऱ्या कारागिराला बारीक दाताची कानस पाहिजे होती, ती द्यायला आण्णा गेले आणि तिथंच बसून राहिले. आण्णा त्यांना चाचा म्हणायचे. चाचा म्हणाले, लोखंड घासतोस ना, मग हे घासून बघ. हे म्हणजे घोडी. तंबोऱ्याच्या भोपळ्यासमोर तबकडीवर तारांखाली जी बसवलेली असते ना, ती. तिचा माथा लांबनं सपाट दिसतो पण तो अगदी किंचित उतरता घासलेला असतो, तार त्याला टेकते न टेकते अशी थरथरते आणि म्हणून तो झणकार उठतो, त्यालाच जवारी म्हणतात. एक हात जास्त पडला की आवाज बसला, पहिल्यापासनं सगळं घासायचं. मग तारेखाली दोरा सरकवायचा, केसभर पुढं, केसभर मागं, आणि एका जागी आवाज असा काही उघडतो की खोली भरून जाते. आण्णा तेव्हा डोळे मिटायचे आणि आम्ही पोरं गप्प व्हायचो, कुणी सांगायला लागायचं नाही.

किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, 1937 साली गेल्यावर त्यांना मिरासाहेबांच्या दर्ग्यातच दफन केलं. उरुसात तिथं चिंचेखाली गाणं चालतं, आण्णा दुसरी पाळी संपवून तसेच शेडच्या कपड्यात जाऊन बसायचे, पहाटे यायचे आणि सकाळी परत कामावर.

चाचांकडनं त्यांनी कधी पैसा घेतला नाही, चहा तेवढा घ्यायचे. मग 8 मे 1974 ला देशभर रेल्वेचा संप सुरू झाला, वीस दिवस चालला, आण्णा संपात होते, घरात पगार नाही, आम्ही तीन भावंडं. चाचांनी स्वतःच बोलावून घेतलं आणि म्हणाले, आता रोजावर बस. आण्णा सकाळी जायचे, अंधार पडल्यावर यायचे, आईच्या हातात पैसे ठेवायचे. मला त्यातलं एकच पक्कं लक्षात राहिलंय, त्या वीस दिवसांत त्यांनी घरच्या तंबोऱ्याला हात लावला नाही, गवसणीसुद्धा काढली नाही. संप मिटला, शेडवरनं पहिल्या दिवशी परत आले, हात धुतले, वास बघितला आणि मग गवसणी काढली. आई तेव्हा भाकरी थापत होती, तिनं थापणं थांबवलं, तंबोरा लागेपर्यंत तवा रिकामाच तापत राहिला.

2024 ला मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आण्णा नव्हते. ती छोटी गाडीपण नव्हती, तिथनं आता ब्रॉडगेज पळते. बातमी ऐकली आणि मी त्यांची लाकडी पेटी काढली. आत जवारीच्या दोऱ्याची गुंडी, घड्याळाचे काटे आणि दोन कानशी. दोन्ही त्यांनी स्वतःच्या पैशानं घेतलेल्या, दोन्हींच्या मुठी स्वतः केलेल्या, एकाच बाभळीच्या लाकडाच्या. शेडची कुठली आणि घोडीची कुठली, मला काही ओळखता येईना. गल्लीत घेऊन गेले. चाचांचा नातू आता दुकानात बसतो, त्यानं दोन्हींवरनं अंगठा फिरवला आणि लगेच सांगितलं, ही इंजिनाची, ही जवारीची.

जवारीची मी त्याच्याकडंच ठेवून आले.