ओंडके राहू द्या : कॉर्नेलिया ओबरलँडर

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं व्हँकुव्हर शहर. इथल्या वाळूत मोठमोठे ओंडके ओळीनं पडलेले दिसतात. कुणी त्यांना पाठ टेकून वाचत बसतं, कुणी वाऱ्याला आडोसा म्हणून मागे पहुडतं. हे ओंडके लाकूडतोडीच्या धंद्यातले. पाण्यातून ओढून नेताना सुटायचे आणि भरतीबरोबर किनाऱ्याला लागायचे. पालिकेची माणसं ते गोळा करून जाळून टाकत. १९६३मध्ये जेरिको बीचवर हे जाळणं एका बाईंनी पाहिलं आणि उद्यान मंडळाला सुचवलं, की जाळता कशाला, लोकांना बसायला ठेवा.

त्या बाई म्हणजे कॉर्नेलिया हान ओबरलँडर, लँडस्केप आर्किटेक्ट, म्हणजे इमारतींभोवतीची जमीन, बागा, मोकळ्या जागा आखणाऱ्या. पुढे त्यांनी न्यायालयांच्या, संग्रहालयांच्या, विधानसभेच्या भोवतीची जमीन घडवली. पण त्यांची नजर कशी चालायची, हे या ओंडक्यांवरून जितकं कळतं तितकं कुठल्याच मोठ्या प्रकल्पावरून कळत नाही.

जन्म १९२१चा, जर्मनीतला. आई बागकामातली जाणकार, मुलांसाठी बागकामाची पुस्तकं लिहिणारी. अकरा वर्षांच्या कॉर्नेलियानं एका चित्रकाराच्या घरी शहराचं चित्र पाहिलं. त्यातले हिरवे तुकडे कसले, असं तिनं विचारलं. उद्यानं, असं उत्तर मिळालं. घरी येऊन तिनं आईला सांगून टाकलं, मी मोठेपणी उद्यानं करणार. पुढे वडील हिमस्खलनात गेले. कुटुंब ज्यू होतं. १९३८च्या अखेरीस आईनं मुलींना घेऊन जर्मनी सोडली आणि अमेरिका गाठली. कॉर्नेलिया हार्वर्डमधून १९४७मध्ये पदवीधर झाल्या. तिथल्या डिझाइन शाळेनं स्त्रियांना दार उघडून तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती. १९५३मध्ये नगररचनाकार पीटर ओबरलँडर यांच्याशी लग्न झालं आणि त्या व्हँकुव्हरच्या झाल्या.

सुरुवातीचं बरंचसं काम मुलांच्या खेळाच्या जागांचं. या विषयाला व्यवसायात फारसा मान नव्हता, आजही नाही. लोखंडी झोपाळा, घसरगुंडी, खाली डांबर, झालं मैदान. १९६७च्या माँट्रियल जागतिक प्रदर्शनात कॅनडाच्या दालनाशेजारी ओबरलँडर यांनी मुलांसाठी वेगळीच जागा केली. मातीचे उंचवटे, वाळू, उथळ पाण्याचा कालवा, त्यात एक होडी, झाडावरचं घर, चालताना डुलणारा पूल, आणि रचायला, मोडायला सुटे ठोकळे. इथे काय खेळायचं, हे मुलांनीच ठरवायचं होतं. झोपाळ्यावर फक्त झोका घेता येतो. वाळू आणि पाणी एकत्र आलं, की धरणही होतं आणि भांडणही. पुढे सत्तरहून अधिक खेळाच्या जागा त्यांनी आखल्या.

मग वास्तुविशारद आर्थर एरिक्सन यांच्याबरोबरचं रॉब्सन स्क्वेअर. शहराच्या मधोमध उंच सरकारी टॉवर होणार होता. एरिक्सननी तो जणू आडवा केला. तीन चौकांभर पसरलेल्या या संकुलात न्यायालय आणि कचेऱ्या आल्या, आणि त्यांच्या छपरांवर ओबरलँडर यांची झाडं, झुडपं आणि पाणी. सत्तरच्या दशकात हे सोपं नव्हतं. ओली माती भयंकर जड असते, पाणी झिरपलं तर खाली न्यायाधीशांच्या डोक्यावर गळणार. त्यासाठी वजनाला हलकी माती तयार करावी लागली, निचऱ्याचे थर बसवावे लागले. इथल्या पायऱ्यांतून तिरका जाणारा उतार जगभर छायाचित्रांत गाजला. दिसतो सुंदर, पण चाकाच्या खुर्चीला तो चढ भारी पडतो, अशी तक्रार होत राहिली. आणि ती खोटी नाही.

व्हँकुव्हरमधल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या मानववंशशास्त्र संग्रहालयाभोवती त्यांनी कापलेली हिरवळ केलीच नाही. उंच गवत आणि इथल्या आदिवासी समाजांच्या वापरातल्या स्थानिक वनस्पती लावल्या. या समाजांचे कोरीव लाकडी टोटेम खांब अशा गवतातून वर आलेले पाहिले, की हिरवळीचा गालिचा इथे किती विचित्र दिसला असता, ते समजतं.

आणि आता उत्तरेला, यलोनाइफला. वायव्य प्रदेशांच्या विधानसभेची इमारत १९९३मध्ये पुरी झाली, ती तळ्याकाठी, खडक आणि दलदलीच्या मधे. तिथला उन्हाळा तोकडा, जमिनीवरचा वनस्पतींचा थर नाजूक. एकदा ओरबाडला, की भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. बाहेरच्या रोपवाटिकेतून झाडं मागवली असती, तर ती थंडीत टिकली नसती. ओबरलँडर यांनी त्याच जागेवरचं बी गोळा केलं, व्हँकुव्हरला नेऊन रोपं वाढवली आणि परत तिथेच लावली. बांधकामाला आडवी येणारी दलदलीची माती फेकून न देता, जमीन उघडी पडली होती तिथे ती पसरली. या कामाला त्या न दिसणारं रफू म्हणत. चांगल्या रफूची पंचाईत हीच, की काम झालंय हे कुणाच्या लक्षातच येत नाही. इथे येणाऱ्यांना वाटतं, इमारत अलगद उतरवून ठेवली असावी. मानधन घेणाऱ्या व्यावसायिकासाठी हे धाडसच म्हणायचं.

व्हँकुव्हरच्या मुख्य ग्रंथालयाच्या छपरावर १९९५मध्ये त्यांनी बाग केली. लोकांना मात्र तिथे प्रवेश नव्हता. शेजारच्या उंच इमारतींतून ती खाली पाहायची, एवढंच. २०१८मध्ये वरचे मजले खुले झाले, तेव्हा बाई सत्त्याण्णव वर्षांच्या होत्या.

२२ मे २०२१ रोजी कोविडनं त्यांचं निधन झालं. शंभरी महिनाभरावर होती. त्यांच्या नावानं लँडस्केप आर्किटेक्चरसाठी एक लाख डॉलरचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार सुरू झाला आहे. त्याच वर्षी पहिला पुरस्कार मिळाला अमेरिकेच्या ज्युली बार्गमन यांना. त्या काम करतात बंद पडलेल्या खाणींवर, कारखान्यांच्या विषारी जमिनींवर, आणि तिथला राडारोडा शक्यतो तिथेच वापरतात.