डीअरफील्डवरील हल्ला : १७०४

पडद्यावर दिसणारा हा जाड लाकडी दरवाजा अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील डीअरफील्ड गावच्या संग्रहालयात जतन केलेला आहे. त्यावरचे भगदाड २९ फेब्रुवारी १७०४ रोजी, म्हणजे इंग्रज तेव्हा वापरत असलेल्या जुन्या दिनदर्शिकेनुसार, पहाटेच्या हल्ल्यात कुऱ्हाडीच्या घावांनी पडले. आत भेदरलेली इंग्रज कुटुंबे आणि बाहेर अंधारातून आलेले ‘रानटी’ हल्लेखोर, अशीच ही हकिगत पिढ्यानपिढ्या सांगितली गेली. परंतु दाराबाहेर उभी असलेली माणसे कोण होती आणि ऐन हिवाळ्यात ती इतक्या दुरून का आली, हे कळल्याखेरीज त्या पहाटेचा उलगडा होत नाही.

स्पेनच्या गादीवर कोणी बसावे, या वादातून १७०१ मध्ये युरोपात युद्ध पेटले आणि त्याची झळ अटलांटिकपलीकडच्या वसाहतींनाही लागली. न्यू फ्रान्स म्हणजे आजच्या कॅनडातील फ्रेंच वसाहत. तिचा गव्हर्नर व्होद्रॉय याच्यापुढची अडचण उघड होती : इंग्रज वसाहतींची लोकसंख्या त्याच्या वसाहतीच्या कितीतरी पट होती, त्यामुळे समोरासमोरची लढाई त्याला परवडणारी नव्हती. सीमेवर अचानक छापे घालून इंग्रजांना बचावात गुंतवून ठेवायचे आणि आबेनाकी या मूलनिवासी लोकांची आपल्याशी असलेली मैत्री तुटू द्यायची नाही, असे धोरण त्याने अवलंबिले.

कनेटिकट नदीच्या खोऱ्यातील डीअरफील्ड हे तेव्हा इंग्रजांचे अगदी टोकाचे गाव होते. ही भूमी मूळची पोकमटक या मूलनिवासी लोकांची. मोहॉक या दुसऱ्या मूलनिवासी लोकांशी झालेल्या संघर्षात ते विखुरले, इंग्रजांनी तेथे वस्ती केली, १६७५ मध्ये इंग्रज आणि मूलनिवासी यांच्यात पेटलेल्या युद्धात ती उठली आणि काही वर्षांनी पुन्हा वसली. या खोऱ्यातून परागंदा झालेल्या अनेकांनी उत्तरेकडे आबेनाकींमध्ये आसरा घेतला होता, त्यामुळे चालून आलेल्या काहींसाठी ही वाट पूर्वजांच्या शेतांकडे जाणारी होती. सोबत आलेल्या, माँट्रियलजवळच्या काहनावाके येथील मोहॉकांची परंपरा वेगळी होती. युद्धात आणि साथींत गेलेल्या आप्तांची जागा भरून काढण्यासाठी ते कैदी आणून त्यांना कुटुंबात दत्तक घेत. न्यू फ्रान्समधील लॉरेटचे वेंडाट आणि पेनाकूक हे मूलनिवासी लोकही या मोहिमेत होते. त्यांना निव्वळ फ्रेंचांचे हस्तक म्हणणे अन्यायाचे आहे.

एर्तेल द रूव्हिल या फ्रेंच-कॅनेडियन अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली आलेल्या या तुकडीत दोनशेहून अधिक मूलनिवासी योद्धे होते आणि फ्रेंचांची संख्या पन्नासच्या आत होती. बर्फावर चालण्याची पादत्राणे बांधून त्यांनी सुमारे ५०० किलोमीटर अंतर कापले. हल्ल्याच्या अफवा गावात आधीच पोहोचल्या होत्या, २० शिपाईही धाडण्यात आले होते आणि रहिवासी लाकडी तटबंदीच्या आत दाटीवाटीने राहत होते. पण त्याच तटाला बर्फाचे ढीग टेकलेले होते आणि त्यांवरून हल्लेखोर सहज आत उतरले. भिंतींत विटा भरलेल्या स्टेबिन्स यांच्या घरातील मूठभर माणसांनी दोन तासांहून अधिक काळ झुंज दिली; बाकी गाव मात्र लवकर पडले. जवळपास ३०० लोकांपैकी सुमारे ५० जण मारले गेले आणि ११२ जणांना कैद करून उत्तरेकडे नेण्यात आले.

त्या वाटचालीत जे मागे पडत, त्यांना ठार केले जाई, तर लहान मुलांना हेच योद्धे पाठीवर वाहून नेत; या दोन्ही गोष्टी कैद्यांनीच सांगितलेल्या आहेत. गावचे धर्मोपदेशक जॉन विल्यम्स यांच्या नुकत्याच बाळंत झालेल्या पत्नी दुसऱ्याच दिवशी मारल्या गेल्या. त्यांच्या घरी गुलामगिरीत असलेली पार्थेना हल्ल्यात मरण पावली आणि फ्रँकचा वाटेत बळी गेला. या दोन कृष्णवर्णीय माणसांची नावे फार क्वचित घेतली जातात, म्हणून ती येथे मुद्दाम घेतो. कॅनडाला पोहोचले ते ८९ जण.

बातिस्त नावाचा एक फ्रेंच लुटारू कप्तान इंग्रजांच्या कैदेत होता. त्याच्या मोबदल्यात १७०६ मध्ये विल्यम्स सुटले. परंतु हल्ल्याच्या वेळी ७ वर्षांची असलेली त्यांची मुलगी यूनिस काहनावाकेतच राहिली. मोहॉक एक वेळ आपले काळीज काढून देतील पण हे मूल देणार नाहीत, असे तेथील जेझुइट पाद्र्याने वडिलांना बजावले होते. ती कॅथलिक झाली, इंग्रजी विसरली आणि १७१३ मध्ये तिने आरोसेन या मोहॉक तरुणाशी विवाह केला. परत येण्याची विनवणी तिने वारंवार नाकारली. पुढे १७४० पासून ती भावांना भेटायला काही वेळा न्यू इंग्लंडला आली, पण पाहुणी म्हणून, आणि प्रत्येक वेळी माघारी गेली. १७८५ मध्ये काहनावाकेतच तिचे निधन झाले.

डीअरफील्डचा सूड इंग्रजांनी त्याच वर्षी उगवला. बेंजामिन चर्च या इंग्रज सेनानीने अकेडिया या कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील फ्रेंच वसाहतीतील ग्राँ-प्रे आणि बोबासँ या फ्रेंच वस्त्या जाळल्या आणि शेते राखणारे बांध फोडले; डीअरफील्डशी काहीही संबंध नसलेल्या शेतकऱ्यांनी त्याची किंमत मोजली. १७१३ मध्ये युट्रेक्टच्या तहाने फ्रान्सने अकेडियावरील हक्क सोडला. ज्यांच्या भूमीची ही देवघेव होती, त्या आबेनाकींना त्या तहात स्थान नव्हते. इंग्रज वस्त्या पुढे सरकत राहिल्या आणि १७२२ मध्ये न्यू इंग्लंडच्या सीमेवर आबेनाकींचे युद्ध पुन्हा सुरू झाले, तेव्हा फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यात अधिकृतपणे शांतता होती.