हलवा: तीन घरांचा शब्द

दापोली तालुक्यातील हर्णे बंदरावर मासळीचा लिलाव भरतो, तेव्हा वाळूवर मांडलेल्या ढिगांमध्ये पापलेटापेक्षा गडद, करड्या रंगाचा एक चपटा मासा दिसतो. त्याला येथे हलवा म्हणतात. जानेवारी उजाडला, की त्याच गावातील किराणा दुकानांत पांढरा, गुलाबी आणि केशरी काटेरी दाणा विकायला येतो, आणि त्याचेही नाव हलवाच असते. गावातील कोणाचाही या दोन हलव्यांत गोंधळ होत नाही. गोंधळ होतो तो शब्दकोड्यात, कारण तेथे शब्द एकटा असतो आणि त्याला ओळखण्यासाठी सोडवणाऱ्याच्या हाती केवळ एका ओळीचे शोधसूत्र असते.

आडव्या-उभ्या शब्दांचे कोडे मुळात आपल्याकडचे नाही. लिव्हरपूलमध्ये जन्मलेले आर्थर विन यांनी रचलेले असे पहिले कोडे 'न्यू यॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्रात २१ डिसेंबर १९१३ रोजी छापले गेले. मराठीत हा खेळ आला तेव्हा त्याचे माप बदलले. रोमन लिपीत एका घरात एक वर्ण बसतो, तर मराठीत काना, मात्रा, वेलांटी आणि अनुस्वारासह संपूर्ण अक्षर एकाच घरात बसते, आणि जोडाक्षरालाही एकच घर मिळते. त्यामुळे बत्तासा तीन घरांचा, चिक्की दोन घरांची, लिमलेट चार घरांचे, आणि हलवा तीन घरांचा. 'ल' आणि 'ला' ही येथे दोन वेगळी अक्षरे असल्यामुळे उभ्या शब्दाने आडव्या शब्दाला अचूक छेदलेच पाहिजे.

हलव्यासाठी 'गोड पदार्थ' एवढेच शोधसूत्र देणे हा आळस आहे. जिलेबी, करंजी, रेवडी, बत्तासा ही सगळी तीन अक्षरांचीच, आणि त्यांपैकी कोणतेही उत्तर चूक ठरवता येत नाही. 'संक्रांतीचा गोड पदार्थ' म्हटल्याने यादी लहान होते, परंतु रेवडी उरतेच. शोधसूत्रात 'काटेरी' हे विशेषण आले, की मात्र संक्रांतीचा हलवाच तेवढा शिल्लक राहतो.

हा काटा कसा येतो, हे जवळून पाहण्यासारखे आहे. मंद आचेच्या शेगडीवर परात ठेवलेली असते आणि तिच्यात तीळ किंवा खसखस असते. साखरेचा पाक चमच्याने थोडाथोडाच सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी दाणे सतत फिरवत राहायचे. पाकातील पाणी उडून जाते, साखर दाण्यावर धरते, पुन्हा पाक, पुन्हा फिरवणे, आणि असे अनेक थर चढल्यानंतर दाण्याच्या अंगावर बारीक टोके वर येऊ लागतात. पाक एका वेळी जास्त पडला तर दाणे एकमेकांना चिकटतात आणि आलेला काटाही बुजतो. थंड, कोरडी हवा या कामाला मानवते. किनाऱ्यावरची हवा दमट, आणि साखर ओलावा ओढून घेणारी. त्यामुळे येथे हलवा करणारीला घाटावरच्या बाईपेक्षा अधिक सबुरी लागते आणि तयार दाणा लगेच घट्ट झाकणाच्या बरणीत भरावा लागतो. नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला काळ्या साडीवर आणि बाळाच्या बोरन्हाणात काळ्या झबल्यावर घालायचे हार, बाजूबंद आणि मुकुट याच दाण्यांचे असतात. बोलताना आपण 'हलव्याला काटा छान आलाय' असे म्हणतो, म्हणून 'हलव्यावर फुलतो, अंगावर उभा राहतो' हे 'काटा' या दोन घरांच्या उत्तराचे शोधसूत्र मला अतिशय नेमके वाटते.

आता मासा. हलव्याला बाजारात काळे पापलेट म्हणण्याचीही पद्धत आहे, पण प्राणिशास्त्राच्या दृष्टीने तो खऱ्या पापलेटाच्या कुळातला नाही. त्याचे शास्त्रीय नाव पॅरास्ट्रोमॅटियस नायजर असून तो कॅरँजिडी कुळात मोडतो. शेपटीच्या मुळाशी असलेली टणक खवल्यांची ओळ ही त्या कुळाची खूण त्याच्या अंगावर बोटांना जाणवते. म्हणून 'पापलेटाचा एक प्रकार' असे शोधसूत्र छापू नये. 'काळे पापलेट म्हणून विकला जाणारा मासा' असे म्हटले, की बाजाराचा शब्दही राहतो आणि शास्त्राशीही इमान राखले जाते.

मराठी माणूस बोलताना हे अर्थ वेगळे ठेवतो ते शेजारच्या शब्दांच्या आधाराने. हलव्याची तुकडी तळतात, हलव्याचे तिखले करतात, आणि हलव्याचा दाणा हातावर ठेवून 'गोड बोला' म्हणतात. गाजर हलवा आणि दुधी हलवा म्हणताना तर मधला प्रत्ययही गळून पडतो. या पदार्थांशी अजिबात संबंध नसलेला चौथा हलवा म्हणजे हलवणे या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप, जे बंदरावर 'होडी जरा पुढे हलवा' अशा हाकेत ऐकू येते. शब्दकोडे रचणाऱ्याने त्याचे शोधसूत्र आज्ञार्थीच दिले पाहिजे: 'जागेवरून सरकवा'. तेथे 'सरकवणे' असे लिहिले तर ती वाचकाची फसवणूक होय.

वचनाचेही तसेच आहे. संक्रांतीचा हलवा समूहवाचक आहे. मूठभर घेतला काय किंवा परातभर केला काय, तो एकवचनीच राहतो, आणि मोजायचे असतील तर आपण त्याचे दाणे मोजतो. मासा मात्र मोजता येतो. 'आज चार हलवे लागले' हे वाक्य कोळीवाड्यात सहज बोलले जाते, आणि 'चार हलवे' म्हटल्यावर कोणाच्याही मनात तिळाचा दाणा येत नाही. तेव्हा उत्तर 'हलवे' असेल तर शोधसूत्र माशाचेच आणि अनेकवचनी असायला हवे.

दोन्ही अर्थ एकाच ओळीत गुंफायचे असतील, तर किनाऱ्यावरच्या वाचकासाठी एक शोधसूत्र असे देता येईल: 'संक्रांतीला याचा काटा मिरवतात, ताटात याचा काटा काढतात (३)'. पुण्यात केवळ मिठाईवर अडणारा वाचक आणि मुरूडमध्ये केवळ माशावर थांबणारा वाचक, दोघांनाही यात आपापल्या बाजूने शिरता येते, आणि दोघांनाही दुसरी बाजू पटवून घ्यावी लागते. चांगल्या शोधसूत्राकडून मी एवढी अपेक्षा जरूर ठेवतो.

एक अडचण मात्र शोधसूत्राने सुटत नाही. दक्षिणेकडे सिंधुदुर्गात या माशाला सरंगा म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि सरंगा हाही तीन घरांचाच शब्द आहे. नुसते 'काळे पापलेट म्हणून विकला जाणारा मासा' असे छापले, तर मालवणचा वाचक पहिल्या घरात निःशंकपणे 'स' लिहील, आणि त्याच्या बोलीत त्याचे काहीही चुकलेले नसेल. त्यामुळे अशा कोड्यात पहिले घर उघडे सोडता कामा नये. 'ह'वरून खाली उतरणारा दोन घरांचा शब्द द्यावा, 'सुवर्णदुर्गासमोरचे मासळीचे बंदर', म्हणजे हर्णे. 'वा'वरून तीन घरांचा, 'चिपळूणची नदी', म्हणजे वाशिष्ठी. 'ल' मोकळा राहिला तरी चालेल.