चाकू चौकटीबाहेर ठेवताना

श्रोतेहो, नमस्कार.

मी लंडनमध्ये १६ ते १८ वयाच्या मुलामुलींना चित्रपटनिर्मिती शिकवते. वर्षाच्या शेवटी त्यांना गटागटाने पाच-सहा मिनिटांचा माहितीपट करून द्यावा लागतो. विषय त्यांचा त्यांनी निवडायचा. दरवर्षी एक तरी गट येतो आणि म्हणतो, आम्हाला नाइफ क्राइमवर, म्हणजे चाकूने होणाऱ्या गुन्ह्यांवर, करायचंय. हा विषय त्यांनी बातम्यांतून उचललेला नसतो. शाळेच्या वाटेवर खांबाला बांधलेली, सुकून गेलेली फुलं त्यांनी रोज पाहिलेली असतात. म्हणून मी कधी नको म्हणत नाही.

पण रफ कट, म्हणजे पहिलं कच्चं संकलन, बघायला बसलं, की पहिला शॉट मला आधीच सांगता येतो. रात्र, ओली गल्ली, डोक्यावर हूड ओढलेला मुलगा आणि बाहीतून हळूहळू बाहेर सरकणारं पातं. स्लो मोशन. खाली घुमणारा ड्रम, वर सायरन. मग काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक आकडा उमटतो आणि भारदस्त आवाजात निवेदन सुरू होतं. मुलं म्हणतात, माहितीपटाचे सगळे संकेत आम्ही वापरलेत. आणि खरंच वापरलेले असतात. निवेदन असतं, मुलाखती असतात, कटअवे, म्हणजे बोलण्याच्या मधे घातलेली इतर दृश्यं, असतात, रस्त्यावरच्या माणसांचे दोन-दोन वाक्यांचे बाइट असतात. मला आज या संकेतांबद्दल बोलायचंय, आणि मुख्यतः त्या पहिल्या शॉटबद्दल. तो शॉट काढून टाका, असं मी मुलांना सांगते. मागे एका गटाने तो काढला, तेव्हा त्यांच्या हाती काय लागलं, ते तुम्हाला सांगायचंय.

त्याआधी थोडं मागे जाऊ. माहितीपट बघणारा माणूस विश्वास ठेवायच्या तयारीनेच बसलेला असतो. बोलणाऱ्याच्या छातीखाली नावाची पट्टी आली, की तो समजतो, हा माणूस खरा आहे. कॅमेरा हलला, धडपडला, की समजतो, हे घडताना टिपलंय. दाणेदार, वरच्या कोपऱ्यातून घेतलेलं, खाली तारीख-वेळ असलेलं दृश्य दिसलं, की समजतो, हे सीसीटीव्ही, म्हणजे पुरावाच. यातला प्रत्येक परिणाम लॅपटॉपवर दोन मिनिटांत तयार होतो. आमच्या त्या गटाने तेच केलं होतं. मित्रांनी मारामारीचा अभिनय केला, यांनी तो जिन्यावरून मोबाइलवर टिपला, त्यावर तारीख-वेळ चिकटवली आणि दोन खऱ्या मुलाखतींच्या मधे घातला. वर्गातल्या एकालाही शंका आली नाही. मुलं खूश होती. मी त्यांना एवढंच विचारलं, की ही क्लिप उद्या कुणी कापून फोनवरून फिरवली आणि कुणाच्या आईने ती बघितली तर? ती क्लिप त्याच संध्याकाळी फिल्ममधून गेली.

प्रसंग पुन्हा उभा करून दाखवू नये, असं मी म्हणत नाही. अमेरिकी दिग्दर्शक एरॉल मॉरिस यांच्या १९८८ सालच्या 'द थिन ब्लू लाइन' या माहितीपटात एका पोलिसाच्या खुनाचा प्रसंग पुन्हा पुन्हा रचून दाखवलाय, पण वेगवेगळ्या साक्षींप्रमाणे. हे कुणाचं म्हणणं आहे, ते बघणाऱ्याला कळत राहतं आणि साक्षींमधल्या फटी उघड्या पडत जातात. त्या खुनासाठी तुरुंगात असलेला माणूस पुढच्याच वर्षी सुटला. तिथे नाट्याने शोध पुढे नेला. आमच्या मुलांच्या जिन्यावरच्या मारामारीने कसलाही शोध घेतला नव्हता.

आणखी एक गोष्ट त्या रफ कटमध्ये होती, आणि ती गटातल्या कुणालाही खटकली नव्हती. हूड घातलेला मुलगा म्हणून त्यांनी वर्गातल्या एका कृष्णवर्णीय मित्राला उभं केलं होतं. का, तर तो उंच होता आणि शनिवारी मोकळा होता. तो स्वतः अतिशय शांत मुलगा. शूटिंग संपल्यावर त्याने विचारलं म्हणे, "मलाच का?" हे मला गटातल्या मुलीने नंतर सांगितलं, मान खाली घालून. तिला तेव्हा उत्तर सुचलं नव्हतं. हजारदा बघितलेलं चित्र आपल्या नकळत हातून पुन्हा काढलं जातं, आणि त्याची किंमत दुसराच कुणीतरी मोजतो. तो प्रश्न तिने त्यानंतर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला होता.

आता पात्याकडे येते. बातम्यांत दिसतात ते मोठाले, दातेरी, भयानक आकारांचे चाकू, ज्यांना इथे 'झॉम्बी नाइफ' म्हणतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये २४ सप्टेंबर २०२४ पासून तसे चाकू जवळ बाळगण्यावर बंदी आहे. ती बंदी हवीच होती. पण धारदार हत्याराने झालेल्या खुनांत सगळ्यात जास्त वेळा सापडतो तो स्वयंपाकघरातला साधा चाकू. तो कॅमेऱ्यासमोर चमकत नाही, म्हणून तो कुणाला दाखवावासा वाटत नाही. आणि दाखवलेल्या पात्याचा परिणाम काय होतो? बरीच मुलं चाकू बाळगतात ती भीतीपोटी. समोरच्याकडे असेल, म्हणून माझ्याकडेही हवा. अशा मुलाला पडद्यावर पातं दाखवलं, की त्याची भीती पक्की होते, सगळ्यांकडे आहेच, हे त्याला पटतं. स्कॉटलंडमध्ये 'नो नाइव्ह्ज, बेटर लाइव्ह्ज' हा तरुणांसाठीचा उपक्रम चालतो. त्यांनी आपल्या साहित्यात चाकूची चित्रं वापरायची नाहीत, असंच ठरवलंय. मी हे वर्गात सांगितलं तेव्हा एक मुलगा म्हणाला, मग दाखवायचं काय? अगदी योग्य प्रश्न होता.

आकड्यांबद्दल थोडक्यात सांगते. पडद्यावर आकडा टाकायचा, तर तो कुठला, कधीचा आणि कुणी मोजलेला, हे त्याच पट्टीत यायला हवं. 'ब्रिटनमध्ये इतके गुन्हे' असं मुलं सर्रास लिहितात, आणि तो आकडा असतो फक्त इंग्लंड-वेल्सचा. स्कॉटलंडची मोजणी वेगळी असते. त्यातही काही वर्षांच्या आकड्यांतून ग्रेटर मँचेस्टर पोलिसांची नोंद वगळलेली आहे, कारण तिथली मोजणी इतरांशी जुळत नव्हती. हे तळटीपेत असतं, आणि तळटीप कुणी वाचत नाही. आमच्या गटाने शेवटी एकच आकडा ठेवला, त्याखाली कालावधी लिहिला, आणि तो वाचून होईपर्यंत पडद्यावर राहू दिला.

मुलाखतीबद्दल मात्र मला सावकाश बोलायचंय. १९३५ साली पूर्व लंडनमधल्या स्टेपनीत 'हाउसिंग प्रॉब्लेम्स' नावाचा छोटा माहितीपट झाला. आर्थर एल्टन आणि एडगर ॲन्स्टी यांचा. त्यात झोपडवजा घरांत राहणारी माणसं स्वतः कॅमेऱ्यासमोर उभी राहून, आपल्या शब्दांत, ढेकूण-उंदरांबद्दल आणि गळक्या छपरांबद्दल बोलतात. त्या काळी गरिबांविषयी बोलायचं, ते सहसा निवेदकाने, शुद्ध भाषेत. त्या चमूतल्या रूबी ग्रिअर्सन यांनी रहिवाशांना सांगितलं होतं, असं म्हणतात, की कॅमेरा तुमचा आहे, मायक्रोफोन तुमचा आहे, इथे राहणं कसं असतं ते सांगा. कॅमेऱ्यासमोर बसलेला माणूस आज आपल्याला इतका सवयीचा झालाय, की त्याला तिथे बसवलं कशासाठी, हेच विसरायला होतं.

आमच्या गटाला एका युवा कार्यकर्त्यामार्फत १७ वर्षांचा एक मुलगा भेटला. पंधरा वर्षांचा असताना त्याने चार महिने चाकू जवळ बाळगला होता. कधी पकडला गेला नाही, कधी वापरलाही नाही. मुलांनी प्रश्नांची यादी आणली. पहिला प्रश्न होता, चाकू कसा होता? दुसरा, कुणाला मारायचं मनात आलं होतं का? मी दोन्ही खोडले आणि म्हटलं, त्याला त्याचा दिवस विचारा. सकाळी घरातून निघण्यापासून.

त्याआधी अवघड बोलणं उरकायचं होतं. सबळ कारणाशिवाय सार्वजनिक जागी चाकू बाळगणं हा इथे १९८८ च्या क्रिमिनल जस्टिस ॲक्टखाली गुन्हा आहे, आणि हा मुलगा कॅमेऱ्यासमोर त्याची कबुली देणार होता. मुलं त्याला म्हणणार होती, काळजी करू नकोस, कुणाला काही कळणार नाही. असं वचन देता येत नाही. न्यायालयाचा आदेश मिळवून पोलीस पत्रकाराकडूनही चित्रफीत मागू शकतात, १९८४ च्या कायद्यात तशी तरतूद आहे. तेव्हा त्याला हेच सांगायचं, आणि जागा, तारीख, नावं यातलं काहीही बोलू नकोस असंही सांगायचं. चेहरा नंतर संगणकावर धूसर करायचा, हेही नको. मूळ फीत तशीच राहते. कॅमेऱ्यात चेहरा येऊच द्यायचा नाही. आवाज जाड-बारीक करून लपवला, तर तो पुन्हा मूळ पट्टीत आणता येतो, म्हणून त्याचे शब्द दुसऱ्या मुलाकडून वाचून घ्यायचे आणि तसं पडद्यावर लिहायचं. बूट, गणवेश, मनगटावरचा दोरा, खिडकीतून दिसणारी इमारत, या सगळ्यांवरून माणूस ओळखू येतो. ऑफकॉम ही इथली प्रसारण नियामक संस्था. तिच्या नियमावलीत म्हटलंय, की १८ वर्षांखालच्या मुलाची शारीरिक आणि मानसिक काळजी घ्यायलाच हवी, मग त्याने संमती दिलेली असो वा नसो. विद्यार्थ्यांच्या फिल्मला ती नियमावली लागू नाही. मी मात्र वर्गात तीच वापरते. युवा कार्यकर्ता पूर्ण वेळ खोलीत बसून होता, आणि शेवटचा कट त्या मुलाला दाखवल्याशिवाय काही बाहेर जाणार नाही, असं ठरलं.

त्याच महिन्यात कॉलेजपासून जवळ हल्ल्याची एक घटना घडली, एकाला अटक झाली. मुलांना ती लगेच फिल्ममध्ये घ्यायची होती. अटकेपासून पुढे खटल्यावर परिणाम होईल असं काही प्रसिद्ध करणं १९८१ च्या कायद्याने न्यायालयाचा अवमान ठरू शकतं, शिवाय आरोपी अल्पवयीन असला आणि बाल न्यायालयात उभा राहिला तर त्याची ओळख सांगायलाच मनाई. फोनवर नाव फिरत होतं, ते त्यांनी फिल्ममध्ये येऊ दिलं नाही.

मुलाखत झाली. कॅमेरा फक्त त्याच्या हातांवर. तो आधी चाचरत बोलला. बस स्टॉपवर दोनदा फोन हिसकावून घेतला होता, तिसऱ्या दिवसापासून घरातल्या ड्रॉवरमधला चाकू घेऊन निघायला लागला. मग कॅमेऱ्यामागच्या मुलीने विचारलं, बसमध्ये कुठे बसायचास? तो थांबला. म्हणाला, "बसायचो नाही. बसलं की टोचायचा. चार महिने मी बसमध्ये बसलोच नाही." तो हसला आणि हात पँटच्या कमरेशी गेला, नकळत, जिथे तो चाकू असायचा तिथे. तिथे काहीच नव्हतं.

संकलनाच्या वेळी ती मुलगी तो हात पुन्हा पुन्हा बघत होती. पातं दिसत नाही, तरी दिसतं, असं ती म्हणाली. तिने सुरुवातीची गल्ली काढली, ड्रम काढला, सायरन काढला. हसण्यानंतरची शांतता तिने पूर्ण ठेवली. मुलाखत संपल्यावर त्या खोलीचा नुसता आवाज अर्धा मिनिट ध्वनिमुद्रित करून ठेवा, असं मी नेहमी सांगते. तो तिथे कामाला आला, नाहीतर शांततेच्या जागी नुसतं भगदाड पडलं असतं. आणि कटअवे म्हणून तिने एकच चित्र घेतलं, बसमधली रिकामी सीट. वरच्या मजल्यावरची, अगदी पुढची, समोर मोठी काच, काचेवर पाऊस आणि पलीकडे दिवे. इतका सुंदर शॉट आमच्या वर्गात त्या वर्षी दुसरा कुणी घेतला नव्हता. मीही तिचं कौतुक केलं.

ठरल्याप्रमाणे कट त्या मुलाला दाखवला. त्याने सगळा शांतपणे बघितला. हात बघताना स्वतःचे हात मांड्यांखाली घेतले. संपल्यावर म्हणाला, ठीक आहे, फक्त ती सीट चुकलीय. आम्हाला कळेना. तो म्हणाला, "वरच्या मजल्यावर उभं राहू देत नाहीत. मी कधी वर गेलोच नाही. मी खालीच असायचो, मधल्या दाराजवळ, त्या घडीच्या सीट असतात ना, तिथे."

दुसऱ्या दिवशी ती मुलगी कॅमेरा घेऊन पुन्हा बसमध्ये चढली. खालच्या मजल्यावर, मधल्या दाराजवळ, ट्यूबलाइटच्या सपाट उजेडात भिंतीला मिटून लावलेल्या दोन सीट, समोर पिवळा खांब, खांबावर थांबायची लाल घंटी. दार उघडतं, मिटतं, कुणीतरी खांबाला धरून उभं राहतं, सीट तशाच मिटलेल्या. एकोणीस सेकंदांचा शॉट आहे तो. फिल्म आता तिथूनच सुरू होते.