चाळीस मायक्रॉन

(दृश्य: नाशिकची सातपूर औद्योगिक वसाहत, संध्याकाळ. कंपन्यांच्या गेटमधून बाहेर पडणाऱ्या दुचाकी.)

जनरल शिफ्ट सुटली की सातपूरचे रस्ते घराकडे वळतात. त्र्यंबक रोडला गाड्या एकमेकींना खेटून उभ्या. या गर्दीच्या उलट दिशेनं चाललेल्या या ताई. पाठीला सॅक, हातात रिकामा डबा. पॅकिंगमध्ये त्यांची अकरा वर्षं गेली. आजची ड्यूटी संपवून त्या शिकायला निघाल्यात. वय त्रेचाळीस.

(दृश्य: वर्कशॉप. चष्म्याच्या घरात ठेवलेल्या बांगड्या, अगदी जवळून.)

आधी बांगड्या उतरतात. तुकडा घट्ट पकडून फिरणाऱ्या चकपाशी बांगडी, ओढणी, सुटे केस काहीच चालत नाही. हातमोजेसुद्धा नाहीत. मोजा अडकला तर हात त्याच्यामागे ओढला जातो.

सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणारं मशिन. ते चालवणाऱ्या ऑपरेटरचा हा तीन महिन्यांचा वर्ग. आयटीआयमध्ये मशिनिस्ट व्हायला दोन वर्षं लागतात, त्यामुळे तीन महिन्यांत कारागीर घडवतो असं इथले सर म्हणत नाहीत. जाहिरातवाले म्हणतात, ती गोष्ट वेगळी.

पहिला पंधरवडा मशिनला हात नाही. कानस घ्यायची, लोखंडाचा तुकडा घासायचा, गुण्या लावून उजेडाकडे धरायचा. फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचा. पोरं कंटाळतात. ताई कंटाळल्या नाहीत. भाकरी थापण्यापेक्षा हे सोपं, म्हणाल्या.

(दृश्य: सीएनसी लेथ, तुकडा फिरवत कापणारं मशिन. कूलंटची, म्हणजे थंड ठेवणाऱ्या द्रवाची धार, चक थांबतो, दार सरकतं.)

आता बघा. ड्रॉइंगवर व्यास 24 मिलिमीटर, सूट दोन्हीकडे 0.02, म्हणजे 23.98 ते 24.02 चालेल. जॉब, म्हणजे कापलेला तुकडा, बाहेर आला. ताई लगेच मोजत नाहीत. कूलंट पुसतात, कडेचा बर, म्हणजे कापताना राहिलेली धारदार कड, काढतात, जॉब थोडा निवू देतात. गरम जॉब मापात मोठाच भरतो. मग मायक्रोमीटर, बारीक माप घेणारं साधन. त्याच्या टोकाचं रॅचेट फिरतं, दाब पुरेसा झाला की वाजतं: टक, टक, टक. आणखी आवळायचं नाही.

24.04.

0.04 मिलिमीटर, म्हणजे चाळीस मायक्रॉन जास्त. सर शेजारी उभे आहेत, पण बोलत नाहीत. मोठा राहिलेला जॉब पुन्हा कापता येतो. छोटा झाला की भंगार. म्हणून नवशिक्याला आधी मोठ्याच बाजूला राहायला शिकवतात. ताई मशिनच्या पडद्यावर ऑफसेटच्या, म्हणजे हत्याराची जागा दुरुस्त करायच्या पानावर जातात. एक्सला, म्हणजे हत्यार जॉबकडे सरकवणाऱ्या अक्षाला, उणे 0.04. इथं पोरं हमखास गोंधळतात: हत्यार तर एकाच बाजूनं कापतं, मग निम्मं नको का टाकायला? नको. लेथवर एक्सचा आकडा व्यासाचा धरलेला असतो. हत्यार दोन शतांशच सरकतं, व्यास चारनं उतरतो. हे ताईंनी वहीत चित्र काढून लिहून ठेवलंय. वही त्यांच्या मुलीची, गेल्या वर्षीची, मागची पानं कोरी राहिलेली.

(दृश्य: गंगापूर धरणाकडे जाणारा रस्ता, गोवर्धन. मुक्त विद्यापीठाचं आवार.)

नोकरी सांभाळून, मोठ्या वयात शिकणं नाशिकला नवीन नाही. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 पासून इथंच आहे. ब्रीद, ज्ञानगंगा घरोघरी. शाळा सुटलेल्यांनी, नोकरी करणाऱ्यांनी पुन्हा पुस्तक उघडावं म्हणूनच ते उभं राहिलं. आता राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात 30 तासांच्या शिक्षणाला एक श्रेयांक (क्रेडिट) मिळतो, आणि तो खात्यात साठवून ठेवता येतो. कागदावर ही सोय फार चांगली आहे. पण श्रेयांकाचं खातं म्हणजे काय, हे या वर्गात आम्ही विचारलं तेव्हा सगळे एकमेकांकडे बघत राहिले.

आधीच्या बॅचमधले काही जण सातपूर-अंबडच्या छोट्या युनिटांत लागलेत. बहुतेक कंत्राटी, पगार बेताचा.

(दृश्य: पुन्हा वर्कशॉप. बाहेर अंधार पडलाय.)

दुसरा काप. दार उघडतं. पुसणं, बर काढणं, थांबणं. टक, टक, टक.

23.99.

सर मायक्रोमीटर हातात घेऊन स्वतः एकदा बघतात. जॉबवर मार्करनं बरोबरची खूण करतात आणि पुढच्या मशिनकडे जातात. ताई घड्याळ बघतात. बस यायला अजून वेळ आहे. चष्म्याचं घर मिटलेलंच राहतं. त्या रॅकवरून दुसरा तुकडा उचलतात, चकमध्ये धरतात आणि चावी फिरवतात.