फॉर्मवरचा रिकामा रकाना

मंडळी, मूल कायद्यानं कुणाचं, हा प्रश्न दसरा चौकातल्या या शाहू स्मारकात निघाला की आधी शाहू महाराजच आठवतात. कागलच्या घाटग्यांच्या घरातला यशवंतराव 1884 साली आनंदीबाई राणीसाहेबांना दत्तक गेला आणि कोल्हापूरच्या गादीवर बसला. मूल कायद्यानंही आपलं होतं, हे या गावाला वेगळं सांगायला नको. तरीही दात्याच्या बीजातून झालेल्या मुलाचा विषय आला की माझ्या वकिलीच्या ऑफिसात माणसं आवाज खाली आणतात.

शिरोळ तालुक्यातली एक बाई माझ्याकडे आली होती. नवरा वारलेला, पदरात लहान मुलगा. नवऱ्याच्या तपासण्यांनंतर दोघांनी दात्याचे शुक्राणू घेऊन मूल होऊ दिलं होतं. घरात फक्त सासूबाईंना माहीत. उसाच्या रानाला वारस लावायची वेळ आली, तेव्हा दीर म्हणाला, 'पोरगं आमच्या रक्ताचं नाही.'

तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीतून हॉस्पिटलची फाईल काढली. आत संमतीपत्र होतं, दोघांच्या सह्यांचं. नवऱ्याच्या सहीवर शाई जरा पसरली होती, पण नाव स्वच्छ वाचता येत होतं. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाचा कायदा 2021 चा, लागू झाला 25 जानेवारी 2022 पासून. तो म्हणतो, असं मूल त्या जोडप्याचं जैविक मूलच मानायचं आणि पोटच्या मुलाला जे हक्क, ते सगळे त्याला. दात्याचा त्या मुलावर पालक म्हणून कसलाही हक्क उरत नाही. दिरापुढं मी तो कागद आणि ते कलम ठेवलं. पुढं वारस नोंद झाली.

सरोगसीचा, म्हणजे दुसऱ्या बाईनं आपल्या पोटात तुमचं मूल वाढवण्याचा, कायदा वेगळा आणि जास्त कडक. पैसे देऊन गर्भाशय घेता येत नाही. वैद्यकीय आणि नियमांत ठरलेला इतर खर्च, आणि 36 महिन्यांचा विमा, एवढंच द्यायचं. 'जाऊबाई तयार आहेत' असं सांगत लोक येतात. जाऊबाई विवाहित हव्यात, स्वतःचं मूल असलेल्या, वय 25 ते 35 मधलं, आणि हे आयुष्यात एकदाच. त्यांचं स्वतःचं स्त्रीबीज वापरायचं नाही. शिवाय मूल जन्मायच्या आधीच प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडून पालकत्वाचा आदेश घ्यावा लागतो. तो राहिला की पुढची धावपळ जन्मदाखल्यापासूनच सुरू होते. विधवा किंवा घटस्फोटित बाईला 35 ते 45 या वयात ही वाट मोकळी आहे, अविवाहितेला नाही. हा भेद मला पटत नाही, आणि मी ते कोर्टातही म्हणेन.

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगते. 'गर्भ ठेवायचाच आहे तर मुलाचा ठेवा' असं विचारणारी माणसं अजून भेटतात. 2001 च्या जनगणनेत या जिल्ह्यात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलांमागं 839 मुली होत्या. मुलगाच हवा म्हणून गर्भ निवडणं हा गुन्हा आहे. विचारूसुद्धा नका.

आता मुद्द्याचं. उपचार सुरू होताना पाच-सहा फॉर्म एकदम पुढं येतात. बाहेर रांग, हातात पावती, नर्स बोट ठेवते तिथं सही. त्यात गोठवलेल्या गर्भांचं काय करायचं, याचा रकाना असतो: दोघांपैकी एक गेला तर ते कुणाचे, की नष्ट करायचे? मी पाहिलेल्या बहुतेक फाईलींत तो कोरा असतो. गर्भ आत सोडेपर्यंत संमती मागं घेता येते, हेही कुणी सांगितलेलं नसतं. फॉर्म घरी आणा, आणि सही केलेल्याची प्रत मागून घ्या.

परवा करवीर तालुक्यातलं एक जोडपं असाच फॉर्म घेऊन माझ्या टेबलाशी बसलं. त्या रकान्यापाशी दोघं थांबली. तो म्हणाला, 'मॅडम, अशुभ कशाला लिहायचं?' ती काही बोलली नाही. पेन उचललं, स्वतःच्या पुढ्यातल्या ओळीत लिहिलं, 'माझ्यामागं निर्णय यांचा', आणि कागद त्याच्याकडे सरकवला. त्याला लिहायला बराच वेळ लागला.